भुलीचं इंजेक्शन, विंचू आणि हृदयाचं सर्किट

(तृतीय वर्ष, ई अँड टीसी. मूळ गाव आसेगाव, जि. वाशीम)

मराठी विभाग म्हटला की कविता, ट्रेकचं वर्णन आणि मेसच्या पोळ्या हे विषय ठरलेले. यंदा मी जरा वेगळा विषय घेतलाय. आपल्या वयात अक्कलदाढ डोकं वर काढते, कुणाला क्रिकेट खेळताना टाके पडतात, कुणाचं नखुरडं कापावं लागतं. अशा वेळी डॉक्टर म्हणतात, "घाबरू नका, थोडं बधिर करतो." ते बधिर करणारं औषध बहुतेक वेळा लिग्नोकेन असतं. आपण डोळे मिटून घेतो, सुई टोचते, पाच मिनिटांत ती जागा जड होते आणि विषय संपतो.

पण हेच औषध प्रमाणाबाहेर रक्तात गेलं, तर मेंदू, श्वास आणि हृदय तिन्ही बंद पाडू शकतं. हे क्वचित घडतं. घडलं तर मात्र मिनिटांचा खेळ असतो. ते का घडतं, कसं टाळतात आणि घडलंच तर काय करतात, हे आपण आपल्या इंजिनिअरिंगच्या भाषेत समजून घेऊ. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे जड पारिभाषिक शब्द मला येत नाहीत. लॅबमध्ये आणि घरी बोलतो तेच शब्द इथे वापरलेत.

नस म्हणजे तांब्याची वायर नव्हे

तांब्याच्या वायरमधून इलेक्ट्रॉन धावतात. मज्जातंतूचं तसं नसतं. त्याच्या आत आणि बाहेर साधारण ७० मिलिव्होल्टचा फरक असतो, आत ऋण. त्याच्या भिंतीवर सोडियमसाठी छोटी छोटी दारं असतात, त्यांना सोडियम चॅनेल म्हणतात. निरोप आला की एक दार उघडतं, बाहेरचा सोडियम आत घुसतो, व्होल्टेज उलटतं, त्यामुळे शेजारचं दार उघडतं, मग त्याच्या शेजारचं. उभ्या ठेवलेल्या पत्त्यांची रांग पडत जावी तसा निरोप पुढे सरकतो. मिलिसेकंदाच्या आसपास दार आपोआप बंद होतं आणि पुढच्या निरोपासाठी तयार होतं.

लिग्नोकेन काय करतं? ते भिंतीतून आत शिरतं आणि दाराला आतून कडी लावतं. दार उघडत नाही, निरोप पुढे जात नाही. दाढ उपटली जाते पण मेंदूला बातमीच पोचत नाही!

ही युक्ती तशी जुनी आहे. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेनचे थेंब वापरून दाखवले. पण कोकेनचे धोके लवकरच कळले आणि पर्यायांचा शोध सुरू झाला. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केलं, १९४८ पासून ते बाजारात आलं आणि आजही जगभर तेच चालतं.

अडचण एवढीच, की अशीच सोडियमची दारं मेंदूत आहेत आणि हृदयातही आहेत. औषध बोटात राहिलं तर बोट बधिर होतं. रक्तातून भरपूर प्रमाणात हृदयात पोचलं तर? गंमत म्हणजे अगदी थोड्या, मोजून दिलेल्या डोसमध्ये हेच लिग्नोकेन हृदयाचे बिघडलेले ठोके ताळ्यावर आणायलाही वापरतात. सगळा खेळ प्रमाणाचा.

आधी मेंदू, मग श्वास, मग हृदय

लिग्नोकेन रक्तात वाढायला लागलं की सहसा पहिली तक्रार मेंदूकडून येते. ओठांभोवती मुंग्या, जिभेवर धातूसारखी चव, कानात गुंजन, चक्कर, बोलणं जड होणं. माणूस उगाच बडबड करतो किंवा अस्वस्थ होतो. नंतर झटके येतात. बधिर करणाऱ्या औषधाने झटके कसे? कारण मेंदूतल्या "ब्रेक" लावणाऱ्या पेशी आधी बंद पडतात. ब्रेक गेल्यावर गाडी सुसाट सुटते तसं. नंतर बाकीचा मेंदूही मंदावतो, शुद्ध हरपते आणि श्वास थांबतो.

इथे आपल्या कंट्रोल सिस्टिमच्या पेपरातला पॉझिटिव्ह फीडबॅक आठवा. श्वास थांबला की ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, रक्त आम्लधर्मी होतं. आम्लधर्मी वातावरणात औषध पेशीच्या आतच अडकून राहतं आणि हृदयावर त्याचा मार वाढतो. हृदय मंदावलं की मेंदूला रक्त आणखी कमी. म्हणजे बिघाडच बिघाडाला खतपाणी घालतो. म्हणून अशा वेळी डॉक्टर आधी धाव घेतात ती श्वासाकडे: ऑक्सिजन, मोकळा श्वासमार्ग, आणि झटके थांबवणारं औषध. श्वास सांभाळला की ती साखळी मध्येच तुटते.

दीड सेकंदाचं गणित

लिग्नोकेनचा एक थोरला भाऊ आहे, बुपिव्हाकेन. त्याचा परिणाम जास्त तास टिकतो, म्हणून सिझेरियनच्या वेळी पाठीतून देतात, हात-पायाच्या ऑपरेशनलाही वापरतात. १९७९ मध्ये जॉर्ज अल्ब्राइट या अमेरिकी भूलतज्ज्ञांनी एका संपादकीयातून इशारा दिला, की बुपिव्हाकेन आणि तशाच दुसऱ्या एका औषधानंतर रुग्णांचं हृदय अचानक थांबल्याच्या घटना घडताहेत, आणि असं थांबलेलं हृदय पुन्हा सुरू करणं फार कठीण जातंय.

असं का? १९८५ मध्ये क्लार्कसन आणि होंडेघेम यांनी प्रयोग करून मोजलं. दाराची कडी निघायला लागणारा वेळ (आपल्या भाषेत टाइम कॉन्स्टंट) लिग्नोकेनसाठी सुमारे ०.१५ सेकंद आहे, बुपिव्हाकेनसाठी सुमारे १.५ सेकंद. आता हृदयाचे ठोके मिनिटाला ७२ धरा. दोन ठोक्यांमध्ये ०.८३ सेकंद मिळतात. आरसी सर्किटचं सूत्र लावून ढोबळ हिशोब केला, तर एवढ्या वेळात लिग्नोकेनची ९९ टक्क्यांहून जास्त दारं मोकळी होतात. बुपिव्हाकेनची होतात ४२ टक्क्यांच्या आसपास! उरलेल्यांवर पुढच्या ठोक्याला नवी कडी पडते. थकबाकी फेडायच्या आधीच नवं कर्ज, असं म्हणा ना. म्हणून एकट्या बुपिव्हाकेनमुळे हृदय लवकर कोलमडतं.

टक्के आणि मिलिग्रॅम

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि त्यात गणित पाचवीचंच आहे. बाटलीवर "२%" लिहिलेलं असतं. म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये २ ग्रॅम, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. सोपी युक्ती: टक्क्याला १० ने गुणा, झाले मिलिग्रॅम दर मिलिलिटर. ०.५% बुपिव्हाकेन म्हणजे ५ मिलिग्रॅम.

साध्या लिग्नोकेनची मर्यादा साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे ४.५ मिलिग्रॅम, आणि एकूण ३०० मिलिग्रॅमच्या आत अशी धरतात. काही ठिकाणी त्याहून कमी, किलोमागे ३ धरतात. ॲड्रेनालिन मिसळलेलं असेल तर रक्तवाहिन्या आकसतात, औषध रक्तात हळू जातं, म्हणून मर्यादा किलोमागे ७ पर्यंत जाते. बुपिव्हाकेनची मात्र किलोमागे २ मिलिग्रॅमच्या आसपासच.

२% लिग्नोकेनच्या ३० मिलिलिटरच्या बाटलीत ६०० मिलिग्रॅम औषध असतं. ६० किलोच्या माणसाची मर्यादा ६० × ४.५ = २७० मिलिग्रॅम, म्हणजे साडेतेरा मिलिलिटर. अर्ध्या बाटलीच्याही आत! आणि १५ किलोच्या लेकराची? ६७.५ मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम ३.४ मिलिलिटर. एक छोटी सिरिंज. मोठ्या माणसाला सहज चालणारा डोस लहान मुलाच्या बाबतीत थेट धोक्याच्या रेषेपलीकडे जातो. म्हणून मुलांच्या बाबतीत वजनाचा अंदाज करून चालत नाही, वजन करावंच लागतं.

शिवाय हा हिशोब औषध मांसात किंवा कातडीखाली गेलं तर लागू. सुईचं टोक चुकून शिरेत असेल तर मर्यादेतला डोसही एकदम रक्तात जातो. मानेजवळच्या रोहिणीत गेला तर अगदी थोडं औषधही सरळ मेंदूत पोचून झटके आणू शकतं.

विंचवाची बाजू

इथे आमच्या गावाकडची गोष्ट सांगायलाच हवी. सोंगणी, तुराट्यांच्या पेंढ्या, पऱ्हाटीचा ढीग, कुडाची भिंत, या सगळ्यात विंचू असायचाच. विंचवाचं विषही याच सोडियमच्या दारांवर काम करतं, पण अगदी उलटं. लिग्नोकेन दार बंद ठेवतं, विंचवाचं विष दार बंदच होऊ देत नाही. मज्जातंतू पुन्हा पुन्हा निरोप पाठवत राहतात. लाल विंचवाच्या बाबतीत शरीरात ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आकसतात, हृदय बंद व्हॉल्व्हवर जोर लावणाऱ्या पंपासारखं थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. शेवटी तोंडाला फेस.

यावरचं काम आपल्याच महाराष्ट्रात झालं. डॉ. हिंमतराव बावसकर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. नागपूरला एमबीबीएस करून १९७६ मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. कोकणात विंचूदंशाने मुलं दगावत होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणं लिहून काढली: उलटी, दरदरून घाम, थंडगार पडलेले हातपाय. १९८२ मध्ये ही धोक्याची लक्षणं "लॅन्सेट" या ब्रिटिश साप्ताहिकात छापून आली. रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरचा भार उतरवला तर रुग्ण वाचेल, हा त्यांचा विचार. त्यातून प्राझोसिन या साध्या गोळीचा वापर सुरू झाला, आणि १९८६ मध्ये त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावसकर यांनी तो "लॅन्सेट"मध्ये मांडला. आधी गंभीर रुग्णांमध्ये शंभरातले तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठं यंत्र नाही, महागडी लॅब नाही. बारीक निरीक्षण आणि पंपावरचा दाब कमी करायचा साधा विचार!

काकूचा पोरगा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या धाकट्या चुलतभावाला खळ्याजवळ विंचू चावला. वय आठ, हात धरून नुसता किंचाळत होता. आम्ही त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "वजन किती?" कुणालाच माहीत नव्हतं. आजी म्हणाली, "असंल जी धाऱ्या-दोन धाऱ्याचं," आणि त्या गडबडीतही सगळे हसले. डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं. २० किलो. मग त्यांनी २ मिलिलिटर लिग्नोकेन घेतलं, सुई टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का पाहिलं आणि अगदी हळूहळू औषध सोडलं. सोडताना ते त्याला बैलांची नावं विचारत होते. मला वाटलं, लेकराचं मन रमवताहेत. ते होतंच, पण तो नीट बोलतोय का, जीभ जड पडतेय का, हेही ते बघत होते. मी मनातल्या मनात हिशोब केला: मर्यादा ९० मिलिग्रॅम, दिले ४०. निम्म्याच्याही आत.

पाच-सात मिनिटांत पोरगं शांत झालं. काकू म्हणाली, "डाक्टरसाहेब, आता दुखत नाही म्हन्ते, घरी नेतो न जी याले."

डॉक्टर म्हणाले, "दुखणं माझ्या औषधानं थांबलं बाई. विष अजून आतच आहे. रात्रभर इथंच राहू द्या."

तास-दीड तासाने त्याला घाम सुटला, एक उलटी झाली, पाय बर्फासारखे गार. नर्सबाईंनी लगेच डॉक्टरांना उठवलं, प्राझोसिन सुरू झालं, रात्रभर दर थोड्या वेळाने नाडी आणि ब्लडप्रेशर पाहिलं. सकाळी साहेब बिस्किटं मागत होते! दुखणं थांबलं म्हणून आम्ही घरी गेलो असतो तर ती उलटी खेड्यातल्या अंधारात झाली असती, आणि आजीने "पित्त झालं" म्हटलं असतं.

बधिर करणारं इंजेक्शन फक्त बोटाचा निरोप थांबवतं, विष थांबवत नाही, हे त्या रात्री घरातल्या सगळ्यांना कळलं.

संरक्षणाचे थर

पॉवर सिस्टिममध्ये आपण फ्यूज, रिले, सर्किट ब्रेकर असे एकामागे एक थर लावतो. एक चुकला तर दुसरा पकडेल. इथेही तसंच आहे:

१. वजन करून, मिलिग्रॅममध्ये जास्तीत जास्त डोस आधीच ठरवणं. लहान मुलं, वृद्ध, गरोदर बायका, हृदय किंवा यकृताचा आजार असलेले यांच्यासाठी तो आणखी कमी.

२. काम भागेल तेवढं कमी औषध, कमी टक्क्याचं.

३. सुई टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का पाहणं.

४. सगळं एकदम न देता थोडं-थोडं, थांबत देणं.

५. रुग्णाशी बोलत राहणं. जागा माणूस हाच सर्वांत स्वस्त मॉनिटर. मोठ्या डोसला नाडी, ऑक्सिजन आणि ईसीजीची यंत्रंही हवीत, आणि नंतरही किमान अर्धा तास लक्ष हवं.

६. ऑक्सिजन, श्वासाची पिशवी आणि झटक्यांचं औषध हाताशी ठेवूनच सुरुवात करणं.

यातल्या बहुतेक गोष्टींना जवळजवळ पैसा लागत नाही. खेड्यातल्या दवाखान्यातही त्या होऊ शकतात.

सोयाबीनच्या तेलाची करामत

एवढं करूनही हृदय थांबलंच तर? १९९८ पर्यंत यावर खास उतारा नव्हता. शिकागोचे डॉ. गाय वाइनबर्ग उंदरांवर प्रयोग करत होते. शिरेतून चरबीचं दुधासारखं द्रावण दिलं तर बुपिव्हाकेनचा त्रास वाढेल, असा त्यांचा अंदाज होता. झालं उलटंच! उंदरांचं हृदय थांबवायला आधीपेक्षा बरंच जास्त बुपिव्हाकेन लागलं. पुढे कुत्र्यांवर प्रयोग झाले, आणि २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी हृदय थांबलेला एक रुग्ण या द्रावणाने वाचवल्याचं छापून आलं.

हे औषध चरबीत सहज मिसळतं. रक्तात चरबीचे बारीक कण सोडले की ते औषध उचलून हृदय-मेंदूपासून दूर, यकृत आणि स्नायूंकडे नेतात. शिवाय थकलेल्या हृदयालाही थोडा जोर मिळतो. प्रमाण असं: २० टक्क्यांचं द्रावण, सुरुवातीला किलोमागे १.५ मिलिलिटर, मग मिनिटाला किलोमागे ०.२५. म्हणजे ६० किलोच्या माणसाला आधी ९० मिलिलिटर, मग मिनिटाला १५. त्याबरोबर ऑक्सिजन आणि छातीवर दाब देणं चालूच.

आता आमच्या वाशीमकरांनी कान टवकारा: हे द्रावण मुळात सोयाबीनच्या तेलापासून बनवतात! आपण ज्या सोयाबीनचा भाव रोज पाहतो, त्याचंच तेल शुद्ध करून, अंड्यातल्या स्निग्ध द्रव्याबरोबर घुसळून, निर्जंतुक बाटलीत भरलेलं. मूळ उपयोग तोंडाने जेवता न येणाऱ्या रुग्णांना पोषण देण्याचा. (घरचं तेल मात्र कधीही शिरेत जाता कामा नये, ते जीवघेणं आहे, हे सांगायला नको.) जिथे मोठ्या डोसने भूल देतात त्या प्रत्येक ठिकाणी ही बाटली असायला हवी, असं भूलतज्ज्ञांच्या संघटना सांगतात.

आपण काय लक्षात ठेवायचं?

मी डॉक्टर नाही आणि हा लेख उपचाराचा सल्ला नाही. पण रुग्ण म्हणून आपल्या हातात बरंच काही आहे.

दाढ काढायला जाल तेव्हा आपलं वजन, चालू औषधं, हृदयाचा किंवा यकृताचा आजार, आधी कधी त्रास झाला असेल तर तो, न विचारताही सांगा. इंजेक्शननंतर ओठांना मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात आवाज असं काही वाटलं तर लाजू नका, लगेच हात वर करा. ओठ बधिर झालेत म्हणून असेल, असं स्वतःच ठरवू नका.

बधिर करणाऱ्या मलमालाही हलकं समजू नका, विशेषतः होस्टेलच्या मैत्रिणींनो. २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला होता. लेझरने केस काढण्याआधी पायांना भरपूर मलम लावून वर प्लॅस्टिक गुंडाळल्याने २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणींना झटके आले, त्या कोमात गेल्या आणि त्यांचा मृत्यू झाला. सुई नाही म्हणून धोका नाही, असं नसतं. मोठ्या जागेवर मलम, वरून प्लॅस्टिक आणि उष्णता म्हणजे औषध कातडीतून भराभर रक्तात.

गावी कुणाला विंचू चावला तर घट्ट दोरी बांधणं, कापणं, मंत्रासाठी बसवून ठेवणं यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. आणि इंजेक्शनने दुखणं थांबलं तरी डॉक्टर थांबा म्हणतील तेवढा वेळ थांबा. घाम, उलटी, गार हातपाय दिसले तर त्याच क्षणी सांगा.

शेवटी एक सोपं काम. आजच घरी फोन करा आणि लहान भावंडांचं वजन करून कागदावर लिहायला सांगा, दर सहा महिन्यांनी बदला. आमच्या घरी आता तो कागद देवघराशेजारी, लाइट बिलाच्या खिळ्याला लावलाय.